एका संख्येचा ताळा

बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट आमच्या बहुतेक वाचकांनीं लहानपणीं ऐकली असेल. पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, असें प्रत्येक घरांत मागच्याच्या दुप्पट धान्य मागणाऱ्या त्या चतुर पुरुषापुढें राजाचीं कोठारें कशीं अपुरीं पडलीं, हें त्या गोष्टींत सांगितलेलें असतें. आज आम्ही वाचकांस चौसष्टाव्या घरापर्यंत नेत नाहीं. पटाचा पहिला अर्धा भाग संपल्यावर जें पहिलें घर लागतें, त्या तेहतिसाव्या घरापाशींच थांबूं. त्या घरांत २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९४९६७२९६ इतके दाणे पडतात. त्यांत आपल्या हातानें आणखी एक दाणा टाकला, म्हणजे जी संख्या होते तीच या लेखाचा विषय होय:

४२९४९६७२९७

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशें सत्याण्णव. हिच्याविषयींचा प्रश्न एकच आहे, आणि तो लहान वर्गांतील मुलासहि समजेल. जिला १ व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, ती मूळ संख्या. जिला जातो, ती संयुक्त संख्या. ७ ही मूळ आहे, ९ ही संयुक्त आहे. मग ४२९४९६७२९७ ही मूळ कीं संयुक्त? १६४० सालीं फ्रान्स देशांतील एका थोर गणितज्ञानें ती मूळ आहे असें मानलें, आणि पुढें ब्याण्णव वर्षें तें मत कोणीं खोडलें नाहीं. शेवटीं तें खोडलें गेलें तें वादविवादानें नव्हे, तर शाळेंत शिकवितात त्या साध्या भागाकारानें. ती हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या संख्येचें कुळ पाहूं. २ च्या एकेका घातांत १ मिळवीत गेलें असतां ३, ५, ९, १७, ३३, ६५, १२९, २५७ अशा संख्या मिळतात. यांपैकीं ३, ५, १७ आणि २५७ या मूळ आहेत. त्यांचे घातांक अनुक्रमें १, २, ४ आणि ८ होत. बाकीच्या संयुक्त आहेत: ९ म्हणजे ३ × ३, ३३ म्हणजे ३ × ११, ६५ म्हणजे ५ × १३, आणि १२९ म्हणजे ३ × ४३. असें होण्याचें कारण बीजगणितांत सांपडतें. क च्या घनांत १ मिळविला असतां त्या बेरजेस क + १ नें भाग जातो. हीच गोष्ट क च्या पांचव्या, सातव्या किंवा दुसऱ्या कोणत्याहि विषम घाताची. २ चा ६ वा घात हा ४ चा घन आहे. म्हणून ६५ ला ४ + १, म्हणजे ५ नें भाग गेलाच पाहिजे. तेव्हां घातांकास १ वांचून एकहि विषम विभाजक असतां कामा नये. म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२ असेच घातांक उरतात. त्यांपासून झालेलें कुळ असें:

३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७, ...

यांपैकीं पहिल्या पांचहि संख्या मूळ आहेत. आमची संख्या सहावी.

येथें वर्गांतील एक प्रसंग सांगणें अवश्य आहे. एकदां आम्हीं वरच्या वर्गांत या पहिल्या पांच संख्या फळ्यावर मांडल्या, त्या मूळ आहेत असें सांगितलें, आणि विचारलें, "आतां सहावी संख्या मूळ असेल असें किती जणांस वाटतें?" बहुतेक सारे हात वर झाले. मागच्या बाकावरील एका मुलाचा हात मात्र खालींच होता. आम्हीं त्यास विचारलें, "कां रे, तुला काय वाटतें?" तो उभा राहून म्हणाला, "सर, मला कांहींच वाटत नाहीं. मीं अजून भागून पाहिलें नाहीं." वर्ग हंसला. खरें सांगावयाचें तर आम्हीहि हंसलों, आणि त्यास खालीं बसण्यास सांगितलें. घरीं परततांना मात्र तें हंसणें आम्हांस बोचूं लागलें. कारण त्या तासास सर्व वर्गांत बरोबर उत्तर काय तें त्या एकट्यानेंच दिलें होतें.

हात वर करणाऱ्या मुलांना मात्र मोठी सोबत होती. पिएर द फेर्मा हा तुलूज येथील न्यायसभेंत अधिकारी होता. गणित हा त्याचा पोटाचा धंदा नव्हे, फावल्या वेळचा व्यासंग. तथापि संख्याशास्त्रांत त्याच्या तोडीचा पुरुष त्या काळीं युरोपांत नव्हता. त्यानें १६४० सालीं आपला मित्र फ्रेनिकल यास लिहिलेल्या पत्रांत वरील कुळांतील संख्या मांडल्या, त्यांत आमची संख्याहि आपल्या हातानें लिहिली, आणि तिच्यापुढील वीस अंकी संख्याहि लिहिली. या कुळांतील यच्चयावत् संख्या मूळ आहेत असा आपला दृढ समज आहे, असें त्यानें कळविलें. त्याच पत्रांत त्यानें प्रांजळपणें हेंहि कबूल केलें कीं, याचें पक्कें प्रमाण आपल्यापाशीं नाहीं. परंतु आपण इतके विभाजक निकालांत काढले आहेत कीं, हें मत मागें घेणें आपणांस जड जाईल.

फेर्मा १६६५ सालीं वारला. प्रश्न तसाच राहिला. पुढें १७२९ सालच्या १ डिसेंबर रोजीं गोल्डबाख नांवाच्या विद्वानानें सेंट पीटर्सबर्ग येथील तरुण गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यास पत्र लिहिलें, आणि ताजा कलम घालून विचारलें कीं, फेर्माचें हें मत आपणांस ठाऊक आहे काय? त्यानें तें सिद्ध केलें नाहीं, आणि दुसऱ्या कोणीं केल्याचें ऐकिवांत नाहीं. त्या ताज्या कलमामुळें ऑयलरचें लक्ष या संख्यांकडे वळलें. १७३२ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्यानें तेथील विद्यापरिषदेपुढें एक लहानसा निबंध ठेवला. त्यांत असें होतें कीं,

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

संख्या मूळ नव्हती. ब्याण्णव वर्षांचें मत एका ओळीनें संपलें.

आतां विचारी वाचक म्हणेल, ६४१ हा विभाजक ऑयलरला सांपडला कसा? एकामागून एक मूळ संख्या घेऊन भागीत जावें, ही सरळ रीत आहे. संयुक्त संख्येस तिच्या वर्गमुळाहून मोठा नसलेला एक तरी मूळ विभाजक असतोच; आणि आमची संख्या ६५५३६ च्या वर्गाहून एकानेंच अधिक असल्यामुळें ६५५३६ च्या पुढें पाहण्याचें कारण नाहीं. परंतु ६५५३६ पर्यंत मूळ संख्या ६५४२ आहेत. एका भागाकारास एक मिनिट धरलें, तरी १०९ तास लागतील. रोज पांच तास बसणाऱ्यास बावीस दिवस. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या असल्यामुळें या रीतीनेंहि ती दोन तासांच्या आंत सांपडली असती, ही गोष्ट निराळी. परंतु आरंभ करणाऱ्यास हें ठाऊक नसतें.

ऑयलरनें वाट जवळची केली. १७३२ च्या निबंधांत त्यानें ती उलगडून सांगितली नाहीं. सुमारें पंधरा वर्षांनीं लिहिलेल्या दुसऱ्या निबंधांत सांगितली. तिचें मर्म असें. कोणतीहि विषम मूळ संख्या घ्यावी आणि २, ४, ८, १६ या घातांस तिनें भागून बाक्या लिहीत जाव्या. १७ घेतली तर बाक्या २, ४, ८, १६, १५, १३, ९, १ अशा येतात, आणि १ आल्यावर तेंच चक्र पुन्हां सुरू होतें. चक्र आठांचें आहे. १७ तून १ वजा केला तर १६ राहतात, आणि १६ मध्यें आठांचें चक्र बरोबर दोन वेळां बसतें. हें असें बसणें केवळ १७ पुरतें नाहीं. प्रत्येक विषम मूळ संख्येच्या बाबतींत, तिच्यांतून १ वजा करून जें उरतें त्यांत चक्र पुरें बसलेंच पाहिजे, असा सिद्धांत आहे.

आतां समजा, कांहीं एक मूळ संख्या आमच्या संख्येस निःशेष भागते. तर तिनें २ च्या ३२ व्या घातास भागलें असतां बाकी एकानें उणी पडते, म्हणजे उणे १ येते. त्याचा वर्ग केला कीं ६४ व्या घाताची बाकी १ येते. म्हणून चक्र ६४ मध्यें बसतें, पण ३२ मध्यें बसत नाहीं. अर्थात् चक्र बरोबर ६४ चेंच आहे. तेव्हां तो विभाजक ६४ च्या एखाद्या पटीहून एकानेंच अधिक असला पाहिजे. अशा संख्या ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ याप्रमाणें येतात. त्यांतील संयुक्त गाळल्या कीं पांचच उरतात. त्या पांचांनीं भागून पाहावें:

१९३ नें भागिलें असतां बाकी १०९
२५७ नें भागिलें असतां बाकी २
४४९ नें भागिलें असतां बाकी ३२५
५७७ नें भागिलें असतां बाकी २८८
६४१ नें भागिलें असतां बाकी ०

साडेसहा हजार भागाकारांच्या ठिकाणीं पांच! पुढें १८७८ सालीं ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानें दाखविलें कीं, विभाजक ६४ च्याच नव्हे, तर १२८ च्या पटीहून एकानें अधिक असला पाहिजे. तसें धरलें तर २५७ आणि ६४१ या दोनच संख्या पाहाव्या लागतात.

आणि येथेंच या हकीकतीची विशेष शिकवण आहे. वर सांगितलेला सिद्धांत शोधून काढणारा पुरुष दुसरा तिसरा कोणी नसून स्वतः फेर्माच होय; आणि तोहि त्याच १६४० सालीं. इतकेंच नव्हे, तर २ च्या ३७ व्या घातांतून १ वजा करून येणाऱ्या बारा अंकी संख्येस २२३ नें भाग जातो, हें त्यानें याच प्रकारच्या युक्तीनें शोधिलें होतें. हत्यार त्याच्या हातांत होतें, संख्या त्याच्या पुढ्यांत लिहिलेली होती, आणि लागणारे भागाकार पांच होते. तरी चूक राहिली. ती कां राहिली हें आज कोण सांगणार? परंतु पांच उदाहरणें मनाजोगीं आलीं म्हणजे सहाव्याचा ताळा पाहण्यास हात उचलत नाहीं, हा अनुभव आम्हां सर्वांचाच आहे.

ऑयलरचें उत्तर खरें कशावरून? तेंहि विश्वासानें घेऊं नये. भागाकार न करितां त्याचें प्रमाण देतां येतें, आणि बीजगणित शिकलेल्या कोणत्याहि विद्यार्थ्यास तें कळेल. २ च्या २८ व्या घातास, म्हणजे २६८४३५४५६ या संख्येस, म हें नांव देऊं. ६४१ म्हणजे ६२५ + १६ होत. म्हणून

६४१ × म = ६२५ × म + १६ × म.

यांत १६ × म हा २ चा ३२ वा घात आहे. आणि ६२५ हा ५ चा चौथा घात, व म हा १२८ चा चौथा घात असल्यामुळें ६२५ × म म्हणजे ६४० चा चौथा घात होय. म्हणून २ चा ३२ वा घात म्हणजे ६४१ × म, उणे ६४० चा चौथा घात. त्यांत १ मिळविला कीं,

आमची संख्या = ६४१ × म − (६४० चा चौथा घात − १).

आतां कोणत्याहि क च्या चौथ्या घातांतून १ वजा केला, तर क + १, क − १ आणि क चा वर्ग + १ असे तीन अवयव पडतात. येथें क = ६४०; तेव्हां त्यांतील पहिला अवयव ६४१ होय. उजवीकडील दोन्ही भागांस ६४१ नें भाग जातो, म्हणून आमच्या संख्येसहि गेलाच पाहिजे. भागाकार काय येतो तेंहि यांतूनच निघतें: २६८४३५४५६ मधून ६३९ × ४०९६०१, म्हणजे २६१७३५०३९ वजा करावे; बाकी ६७००४१७ राहते.

ज्यांस बीजगणित येत नाहीं, त्या पालकांस नवांचा ताळा आठवत असेल. ६४१ चे अंक मिळविले तर ११, म्हणजे २. ६७००४१७ चे २५, म्हणजे ७. दोहोंचा गुणाकार १४, म्हणजे ५. आमच्या संख्येचे अंक मिळविले तर ५९, म्हणजे १४, म्हणजे ५. ताळा जमला. परंतु येथेंहि सावध असावें. ताळा चुकला तर गणित खास चुकलें; पण ताळा जमला म्हणजे गणित बरोबर आलें असें नव्हे, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली तरी नवांच्या ताळ्यास त्याचा पत्ता लागत नाहीं.

६७००४१७ हिला तरी आणखी अवयव आहेत काय? तिचें वर्गमूळ २५८८ च्या किंचित् वर आहे. ल्यूकाच्या नियमाप्रमाणें तितक्यांत २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ याच मूळ संख्या पाहावयाच्या. बाक्या अनुक्रमें १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. शून्य एकहि नाहीं. म्हणून ती मूळ आहे, आणि आमच्या संख्येचे मूळ अवयव दोनच.

कुळांतील इतरांशीं तिचें नातेंहि गमतीचें आहे. ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ हा गुणाकार करावा. उत्तर ४२९४९६७२९५ येतें, म्हणजे आमच्या संख्येहून बरोबर दोन कमी. म्हणून त्या पांचांपैकीं कोणीहि तिला भागिलें तरी बाकी २ राहते. फक्त ३ च्याहि बाबतींत तीच २. वरील यादींत २५७ पुढें २ ही बाकी आली, तिचें कारण हेंच. याप्रमाणें या कुळांतील कोणत्याहि दोन संख्यांस १ वांचून समाईक विभाजक नाहीं. आणि कुळ अनंत असल्यामुळें मूळ संख्याहि अनंत असल्या पाहिजेत, असें गोल्डबाखनें १७३० सालच्या पत्रांत दाखविलें.

या कुळाचा भूमितीशींहि संबंध आहे. १७९६ सालीं गाउस या जर्मन तरुणानें, वयास एकोणीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, केवळ पट्टी व कंपास घेऊन सतरा समान भुजांची सुसम आकृति काढतां येते हें सिद्ध केलें. या कुळांतील जी जी संख्या मूळ असेल, तितक्या भुजांची सुसम आकृति त्या दोन साधनांनीं काढतां येते. म्हणजे ४२९४९६७२९७ ही मूळ असती, तर तितक्या भुजांची आकृतीहि तत्त्वतः काढतां आली असती!

फेर्मानें लिहिलेली पुढची वीस अंकी संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ही देखील संयुक्तच निघाली. १८८० सालीं लांद्री या गृहस्थानें वयाच्या ब्यायशींव्या वर्षीं तिचे अवयव पाडले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. आतां यंत्रगणकांच्या साह्यानें या कुळाची पुष्कळ तपासणी झाली आहे. ६५५३७ च्या पुढें एकहि मूळ संख्या आजवर सांपडलेली नाहीं. २ च्या ज्या घातांपासून या संख्या होतात, ते घातांक १, २, ४, ८ असे दुपटीनें वाढतात. ही दुप्पट बत्तीस वेळां होईपर्यंत, आमच्या संख्येपासून पुढें, सर्व संख्या संयुक्त आहेत हें ठरलें आहे. तेहतिसाव्या दुपटीची संख्या अठ्ठावन्न लक्ष नव्हे, तर दोन अब्ज अठ्ठावन्न कोटींहून अधिक अंकांची आहे. ती मूळ कीं संयुक्त, याचा निर्णय अद्याप झालेला नाहीं. याहि ठिकाणीं, सर्व तशा निघाल्या म्हणून हीहि तशीच, असें म्हणण्याचा मोह होतो, तो आवरावा.

या हकीकतीनें फेर्माचा मान कमी होतो असें आम्हांस वाटत नाहीं. प्रमाण आपल्यापाशीं नाहीं हें त्यानें लपविलें नाहीं, आणि म्हणूनच पुढच्यांस तें शोधण्याची बुद्धि झाली. समज निराळा आणि सिद्धि निराळी, हें ज्याला कळतें त्याची चूक देखील विद्येच्या उपयोगी पडते. ज्याला कळत नाहीं, त्याचें बरोबर आलेलें उत्तरहि शेजाऱ्याच्या वहींतून उतरलेल्या उत्तराहून फारसें अधिक मोलाचें नसतें. पालकांस आमची विनंति अशी कीं, मूल गणित सोडवून आलें म्हणजे "उत्तर जमलें का?" एवढेंच न विचारतां "ताळा पाहिलास का?" असेंहि विचारावें.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गांत गेल्यावर प्रथम त्या मुलाची क्षमा मागितली, आणि त्याच्या हातीं खडू दिला. फळ्यावर ४२९४९६७२९७ लिहून भाजक म्हणून ६४१ मांडला, आणि तो कोठून आला हें त्या वेळीं सांगितलें नाहीं. त्यानें सावकाश, एकेक अंक खालीं उतरवून, भागाकार केला. शेवटीं शून्य आलें तेव्हां वर्ग स्तब्ध होता. त्यानें मात्र खडू खालीं ठेवला नाहीं. "सर, गुणून पाहूं का?" असें म्हणून त्यानें बाजूस ६७००४१७ ला ६४१ नें गुणण्यास आरंभ केला.

आमच्या वाचकांनींहि या लेखांतील एकहि आंकडा आमच्या शब्दावर विसंबून घेऊं नये. सुटीच्या दिवसांत कागद-पेन्सिल घेऊन बसावें, १९३ पासून आरंभ करावा, आणि बाकी १०९ येते कीं नाहीं तें स्वतः पाहावें.